जागलीवरची मच्छरदाणी

वाशीम जिल्ह्यात उघड्यावर सगळ्यात जास्त रात्री कोण काढतं, असं कुणी विचारलं तर मी जागलीवरच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवीन. जुलैत सोयाबीन वर आलं की रोह्यांचे कळप वावरात उतरतात. शेंगा भरल्या की रानडुकरं येतात आणि एका रात्रीत उभं पीक आडवं करून जातात. हरभऱ्याच्या दिवसांत पुन्हा तेच, शिवाय रात्रीचं ओलीत. मंगरुळपीर, मानोरा, मालेगाव, कारंजा, कुठल्याही तालुक्यात रात्री निघा, वावरावावरांतून बॅटऱ्यांचे झोत फिरताना दिसतात. चार बल्ल्यांवर मचाण, वर ताडपत्री, एक बाज, एक जुनी गोधडी, पाण्याची कॅन आणि वाजवायला पत्र्याचा डबा. शहरातली मंडळी हौसेनं तंबू घेऊन रानात मुक्कामाला जातात. आमच्याकडे हा मुक्काम पोटासाठी असतो आणि वर्षातले कितीतरी महिने चालतो.

मी हिवताप विभागात नोकरी केली. आधी अकोला जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम वेगळा जिल्हा झाल्यावर इकडे. घरोघर फिरून तापाचे रुग्ण शोधायचे, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, रांजण आणि टाक्या तपासायच्या, डबक्यांत गप्पी मासे सोडायचे. आता निवृत्त आहे, पण घरचं वावर आहे, त्यामुळे जागलही आहे.

नोकरीत एक गोष्ट मला सतत खुपत आली. डासांविरुद्धची आपली बहुतेक व्यवस्था घर धरून उभी आहे. फवारणी होते ती घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींवर. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी विसाव्याला भिंतीवर बसते, भिंतीवरचं औषध तिच्या पायांना लागतं आणि ती मरते, हे त्यामागचं गणित. गणित खरं आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि त्यात आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि भिंतींवरच्या डीडीटीनं १९६५ च्या सुमारास हा आकडा लाखाच्या आसपास आणला. पुढे ढिलाई झाली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. तरीही त्या फवारणीनं असंख्य जीव वाचवले, हे मी छातीठोक सांगतो. पण मचाणाला भिंत कुठं असते? जो माणूस रात्रभर वावरात झोपतो त्याला घरातल्या फवारणीचा काय उपयोग? त्याचं रक्षण करायचं तर ते त्याच्या बाजेसोबत वावरात गेलं पाहिजे. अशी वस्तू एकच आहे, मच्छरदाणी. बाकीचं सगळं तिच्या मदतीला.

आता डासांचं बोलू. चावते ती मादीच, कारण अंडी पोसायला तिला रक्त लागतं. आमच्या भागात तीन जातींशी गाठ पडते. एडिस दिवसा चावतो, अंगावर पांढरे पट्टे असतात, आणि डेंग्यू-चिकुनगुन्या तोच पसरवतो. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची जी लाट आली, तिच्यात गावंच्या गावं सांधे धरून बसली होती. क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, नालीजवळच्या घरांना रात्री तोच छळतो. आणि तिसरा ॲनॉफिलीस, हिवतापाचा. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत ज्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, तो याच घराण्यातला. आपल्या ग्रामीण भागात त्याची ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीज ही जात महत्त्वाची. बसताना तो शेपटाकडची बाजू वर उचलून तिरका बसतो, एवढ्यावरून शाळेतलं पोरही त्याला ओळखतं.

हा डास तुलनेनं स्वच्छ पाण्यात वाढतो: नाल्यातली डबकी, पाटाच्या कडेचा पाझर, न उपसलेली विहीर, गवत माजलेल्या शेततळ्याचा काठ. अडाण, अरुणावती, पूस, पैनगंगा या नद्यांना येऊन मिळणारे आमचे नाले पावसात धो धो वाहतात, तेव्हा अळ्या वाहून जातात. पाऊस उघडला आणि धार तुटली की नाल्याच्या पात्रात डबक्यांची माळ तयार होते. तिथून पुढे सात ते दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. सोयाबीन काढणीला येतं तोच हा काळ, आणि जागल सगळ्यात कडक असते तीही तेव्हाच.

म्हणून मचाण कुठं बांधायचं, याला फार महत्त्व आहे. आपण पिकाकडे पाहून जागा ठरवतो, ते बरोबरच. पण त्यातल्या त्यात उंचवटा आणि वारा पाहा. डास उडायला दुबळा असतो, वाऱ्याची झुळूक चालू असली की त्याला अंगावर उतरता येत नाही. नाल्याकाठच्या धुऱ्यावर, बाभळीच्या दाट सावलीत वारा अडतो, तिथं तो टपून असतो. हा डास एक-दीड किलोमीटर सहज जातो, त्यामुळे पाण्यापासून शंभर पावलं सरकलात म्हणून सुटका होत नाही, पण संख्या नक्की कमी होते. बैल मचाणाखाली बांधू नका. क्युलिसिफेसीजला माणसापेक्षा गुराढोरांचं रक्त अधिक चालतं, गुरांभोवती त्यांचा घोळका जमतो, आणि त्यातले काही शेजारी झोपलेल्या माणसाकडे वळणारच.

डास आपल्याला शोधतो कसा? आधी श्वासावरून. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाऱ्यासोबत जातो, त्याचा माग काढत मादी येते. जवळ आली की घामातलं लॅक्टिक आम्ल, कातडीचा वास, ऊब आणि ओलावा तिला नेमकी जागा दाखवतात. आफ्रिकेतला हिवतापाचा डास पायांच्या वासाकडे ओढला जातो, हे नेदरलँड्सच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं. दिवसभर वखर-डवऱ्यामागे चाललेला माणूस त्याच घामेजल्या अंगानं मचाणावर जातो, तेव्हा तो आमंत्रणच देत असतो. हातपाय साबणानं धुवा, कपडे बदला. पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, पायघोळ पायजमा आणि जाड मोजे घाला, रंग फिकट असू द्या, गडद रंगाकडे डास लवकर येतात. अंगाला चिकटलेल्या पातळ बनियनमधून सोंड सहज आत जाते.

आता धूर. आमच्याकडे जागलीवर गोवऱ्या पेटवून त्यावर कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा ओला पाला टाकतात. शेजारच्या वावरातला एक पुतण्या लागणारा पोरगा मला म्हणाला, "काका, धूर केला ना बाप्पा, मच्छर येतच नाही." मी म्हटलं, "मंग पाय काऊन खाजवून राह्यला?" त्याचं काही खोटं नाही. धूर अंगावर येत असतो तोवर डास कमी बसतात. पण मोकळ्या वावरात धूर वाऱ्याबरोबर जातो, तुम्ही झोपलात की पाला विझतो, आणि पहाटेच्या गारव्यात डास आपलं काम करून जातात. जो धूर डासाला नको असतो तो आपल्या छातीलाही नको असतो. रानडुक्कर दूर ठेवायला शेकोटी पेटवली तर जरूर पेटवा, ती विझवा असं मी कुणालाच सांगत नाही. फक्त डासांसाठी तिच्यावर विसंबून राहू नका.

कॉईलचंही असंच आहे. ती मूळची जपानची. एइचिरो उएयामा यांनी पायरेथ्रम नावाच्या शेवंतीच्या जातीच्या फुलापासून डासांची उदबत्ती केली, ती तासाभरात संपायची. १८९५ मध्ये त्यांच्या पत्नी यूकी यांनी तिला वेटोळं करायची कल्पना सुचवली, म्हणजे ती रात्रभर जळेल. कल्पना सुंदर होती. पण २००३ मधल्या एका अभ्यासात दिसलं की एका कॉईलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात. उघड्या मचाणावर तिचा धूर उडून जातो आणि बंद तंबूत तो तुमच्या फुफ्फुसात साठतो. तंबूत कॉईल, शेगडी, शेकोटीचे निखारे, काहीही नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच माणूस जातो. खळ्यावर राखण असेल तर शेजारी सोयाबीनचं कुटार असतं, तिथं जळती कॉईल ठेवणं म्हणजे वर्षाची मेहनत आगीच्या तोंडी देणं.

अंगाला लावायची क्रीम मात्र खरोखर कामाची. डीट हे औषध अमेरिकी लष्करासाठी १९४४ मध्ये शोधलं गेलं आणि १९५७ पासून सामान्यांना मिळू लागलं. आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनं सैनिकांसाठी डेपा नावाचं औषध तयार केलं. किराणा दुकानातल्या ओडोमॉसच्या पाकिटावर डायइथाइल बेन्झामाइड हे नाव दिसेल, तेही याच कुळातलं. ही औषधं डासाला मारत नाहीत, त्याची वास घ्यायची शक्ती गोंधळात टाकतात. टक्केवारी जास्त म्हणजे औषध जास्त वेळ टिकतं, एवढाच तिचा अर्थ. जिथं क्रीम लागली नाही तिथं डास खुशाल चावतो, म्हणून घोटे, कानामागची जागा, मानेची मागची बाजू सोडू नका. घाम आला, पावसात भिजलात की परत लावा. लहान मुलाच्या हाताला लावू नका, ते हात तोंडात जातात. आणि डीट प्लास्टिक खातं, तेव्हा लावल्यावर हात पुसूनच बॅटरी हातात घ्या, नाहीतर काच धुरकट होते.

कडुलिंबाचं तेल नुसतं आजीबाईंच्या बटव्यातलं नाही. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रानं १९९३ मध्ये खोबरेल तेलात दोन टक्के कडुलिंबाचं तेल मिसळून शेतखेड्यांत प्रयोग केले, तेव्हा ॲनॉफिलीस रात्रभर दूर राहिला. इतर जातींवर परिणाम कमी होता. शंभर मिलिलिटर खोबरेलात दोन मिलिलिटर, एवढं प्रमाण पुरे. आधी कोपराजवळ थोडं लावून पाहा, आग झाली नाही तर वापरा. पोरांच्या पोटात ते जाता कामा नये. मोबाईलमधून आवाज काढून डास पळवणारी ॲप आणि मनगटावरचे वासाचे पट्टे यांवर पैसा घालवू नका. तपासण्यांमध्ये ते टिकलेले नाहीत.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. पिकावर मारायचं कीटकनाशक मचाणावर, बाजेवर किंवा पांघरुणावर मारू नका. घराजवळच्या फवारणीत वापरलं जाणारं औषध आणि कपाशीवरचं औषध यांची जात आणि मात्रा वेगळी असते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. उघड्या रानात वारा लागत असताना ते विष भिनलं, तर त्यावर रात्रभर गाल टेकवून झोपणाऱ्याचं काय होईल?

आता मच्छरदाणी. जागलीवर ती का नेत नाही, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. गरम होतं. सारखं उठावं लागतं. टांगायची कुठं? आणि एक न बोललेलं उत्तर असतं, घरात एकच आहे आणि ती लेकराबाळांसाठी आहे. शेवटच्या उत्तरापुढे मी कायम गप्प होतो. बाकीच्यांची उत्तरं मात्र आहेत.

मचाणाच्या चार बल्ल्या अडीच-तीन हात वर उंच ठेवल्या की टांगायची सोय आपोआप होते. ताडपत्री वर आणि मच्छरदाणी तिच्या आत, म्हणजे पाऊस आला तरी भिजत नाही. जाळीला दर चौरस इंचात १५६ छिद्रं असावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. बाजारात याहून विरळ जाळी स्वस्तात मिळते, ती माश्यांना अडवील, डासांना नाही. सगळ्यात मोठी फट असते बाजेच्या विणीत. दाणी बाजेवर नुसती सोडली तर डास खालून, दोरीच्या विणीतून पाठीला चावतात. म्हणून आधी सतरंजी, तिच्यावर जाड गोधडी, आणि दाणीची कड गोधडीखाली चारी बाजूंनी खोचलेली हवी. दिवेलागणीच्या आत खोचून ठेवा, अंधार पडल्यावर बांधायला गेलात तर डास आधीच आत येऊन बसलेले असतात. हात किंवा गुडघा जाळीला टेकला तर बाहेरून चावतात, तेव्हा दाणी ऐसपैस घ्या.

रोही आली, उठावं लागलं, तर एकच बाजू उघडायची असं ठरवून ठेवा. परत आत आलात की बॅटरी लावून चारही कोपरे पाहा, आत आलेला डास हातानं मारा, मग आडवे व्हा. हे कंटाळवाणं आहे. पण झोपेतून तीनदा उठणारा माणूस डासांनी पोखरला तर चौथ्यांदा उठतच नाही, आणि रानडुकरं तेवढीच वेळ साधतात.

कीटकनाशक बसवलेल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या सरकार हिवतापाच्या जास्त जोखमीच्या भागांत वाटतं. त्या वीस धुण्यांपर्यंत, साधारण तीन वर्षं काम देतात. अशी दाणी साबणाच्या सौम्य पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आणि नदीत किंवा शेततळ्यात धुवू नका, त्या औषधानं मासे मरतात. साधी दाणी असली तरी चालेल, फक्त फाटलेली जागा त्याच दिवशी शिवून घ्या.

डासाच्या भीतीनं कुणी दाणी नेत नाही, हे मी पाहिलंय. सापाच्या भीतीनं मात्र नेतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात येऊन चावते आणि चावा इतका बारीक असतो की कित्येकांना कळतही नाही. नेपाळच्या तराई भागात झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कितीतरी कमी होतात. गावातल्या बैठकीत ही गोष्ट सांगितली की आधी माना डोलावतात, मग दुसऱ्या दिवशी दुकानात विचारणा होते. खळ्यावर, जमिनीवर झोपणाऱ्यानं तर दाणी खोचल्याशिवाय अंग टेकू नये.

वावरातल्या दोन जागा आठवड्याला पाहा. एक, फवारणीचा ड्रम. औषध कालवून झालं की त्यात वीतभर पाणी राहतं, पावसानं भर पडते, आणि एडिसची पैदास सुरू होते. काम झालं की ड्रम पालथा घाला. गावात आम्ही आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळायला सांगायचो, तोच नियम वावरात लावा. दुसरी जागा शेततळं. २०१६ पासून मागेल त्याला शेततळे योजनेतून पुष्कळ तळी झाली, पाण्याची सोय झाली, फार चांगलं झालं. काठाचं गवत काढलं आणि गप्पी मासे सोडले की त्यात अळ्या टिकत नाहीत. गप्पी फुकट मिळतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

हौसेनं किंवा श्रद्धेनं उघड्यावर राहणाऱ्यांनाही हेच लागू. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना मेडशी, शिरपूर, रिसोड भागातून जाते, तेव्हा मृगाचा पाऊस लागलेला असतो आणि वारकरी शाळेच्या ओसरीत किंवा मंडपात झोपतात. एकट्या माणसाची घडीची दाणी पिशवीत सहज मावते, ती टाळ-पताकेसोबत न्यावी. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजायला जाणाऱ्यांना धूर करता येत नाही आणि उग्र वासाचं काही लावूनही चालत नाही. त्यांनी अंगभर कपडे, हातमोजे आणि डोक्यावरून घ्यायची जाळी यांवरच भिस्त ठेवावी. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलं आठवडाभर गावातल्या शाळेत राहतात. पहिल्याच दिवशी त्या मुलांकडून शाळेमागची डबकी बुजवून घेतली तर त्यांची स्वतःची झोप सुधारते आणि गावाचंही भलं होतं.

एवढं करूनही ताप आला तर? डेंग्यूचा ताप चावल्यापासून चार ते दहा दिवसांत येतो, हिवतापाचा साधारण दहा-पंधरा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. म्हणजे ताप येतो तेव्हा जागलीची ती रात्र विसरलेली असते. डॉक्टरांना आपण होऊन सांगा की मी रात्री वावरात झोपतो. रक्त तपासल्याशिवाय गोळ्या घेऊ नका, आणि डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरीन, आयबुप्रोफेन अजिबात नको, त्यानं रक्तस्राव वाढतो. व्हायव्हॅक्स हिवताप निघाला तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. तीन दिवसांत ताप उतरतो आणि माणूस परत जागलीला लागतो, पुढच्या गोळ्या कोनाड्यात राहतात. पण व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात, ते मारायला तेच चौदा दिवस लागतात. गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत, त्याबद्दल डॉक्टरच सांगतील. आशाताई किंवा आरोग्यसेवक दुपारी घरी येतात, तेव्हा घरधनी वावरात असतो आणि त्याची काचपट्टी राहून जाते. घरच्यांनी एवढंच करावं: तो कोणत्या वेळी घरी सापडतो ते त्यांना सांगून ठेवावं, म्हणजे सकाळी जागलीवरून परतल्यावर त्याचं रक्त घेता येतं.